‘अपील मंजूर’च्या पुढची ओळ

लतामावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी छापखान्यात होते, हातात ओल्या शाईचं पत्रक. त्यांच्या सुनेला म्हणाले, "काहीतरीच काय! शनिवारी वाचन आहे आपलं..." याला पाच आठवडे झाले. शनिवार आला की पाय अजून त्यांच्याच घराकडं वळतात.

मावशी तीस वर्षं एका वकिलांकडं टायपिस्ट होत्या. निवृत्तीनंतर दर शनिवारी पुढच्या खोलीत त्या हायकोर्टाच्या खंडपीठाचे ताजे निकाल मराठीत सांगत. पोटगी, जामीन, जन्मठेप, जमीन... ऐकायला पंधरा-वीस बाया. क्रिकेटचं समालोचन करावं तशा मावशी रंगात येत. "आता बघा, न्यायमूर्ती काय विचारतात!" कुणी शेवट विचारला की डाफरत, "भाजी न शिजवताच वाढू व्हय?"

मी चळवळीच्या, पत्रकांच्या घरात वाढले. आमच्याकडं घोषणा आधी, तपशील मागाहून. बिडकीनच्या सुमनबाईंना भावांनी वडिलांच्या शेतातला हिस्सा नाकारला होता. खालच्या कोर्टांत दोन्ही वेळा त्या हरल्या होत्या. हायकोर्टाचा निकाल आला. शेवटच्या पानावर "अपील मंजूर" एवढंच वाचून मी पत्रक छापलं: लेकीचा विजय! बिडकीनात पेढे वाटले गेले.

मावशींनी पत्रक वाचलं, चष्मा काढला. "पुढची ओळ कोण वाचणार, तुझा बाप?"

पुढं लिहिलं होतं, सुमनबाईंची साक्ष विचारात घेतलेली नाही, म्हणून प्रकरण खालच्या कोर्टाकडं परत, नव्यानं ऐका. हिस्सा मिळालेलाच नव्हता.

"आता तूच जायचं सांगायला."

गेले. मान वर होईना. सुमनबाई एकदम म्हणाल्या, "म्हंजी माझं म्हणणं अजून मेलं नाय?"

परत येऊन हे सांगितलं तशी मावशींनी टाळीच वाजवली. "बघ! हिला कळला निकाल. हेच लिही!" शेजारी बसून त्यांनी दुसरं पत्रक लिहून घेतलं. चूक कबूल करणारं माझं ते पहिलंच.

वर्षभर खालच्या कोर्टात सुनावणी चालली. मावशी गेल्या, आणि अठराव्या दिवशी निकाल लागला. सुमनबाई एस.टी.नं थेट मावशींच्या घरी आल्या. सुनेनं दार उघडलं, बाया जमल्या. निकाल मी आधीच अक्षर न् अक्षर वाचला होता. ठरवलं होतं, क्रमानंच सांगायचं. पण सुमनबाईंचा चेहरा समोर आला आणि ओरडलेच, "मिळाला! हिस्सा मिळाला!" एकच कल्ला झाला. कुणी फुगडी धरली.

सुमनबाईंनी पदरानं डोळे पुसले. "बरं झालं, पोरी. आता पयल्या पानापासून वाच. माझं काय काय ऐकलं त्यांनी, ते मला ऐकायचंय."

त्यांच्या साक्षीचं पान आलं तेव्हा बायांनी मला ते तीनदा वाचायला लावलं.