टोबीच्या घरातल्या दोन खोल्या

घटस्फोट झाला आणि जर्मनीतल्या रेगेन्सबर्गमध्ये सुरुचीला घर मिळेना. लॅबमधली नोकरी पक्की होती, पण एकटी बाई, त्यात आठ वर्षांची मुलगी, अन्वी. घर बघायला जावं तर जिन्यापर्यंत रांग. शेवटी टोबी नावाच्या माणसाने आपल्या घरातल्या दोन खोल्या पोटभाड्याने दिल्या. तो छपरांची कामं करायचा. पडून पाठ गेली, काम सुटलं आणि तो क्रिस्टलची नशा ओढू लागला. हे मात्र सुरुचीला राहायला गेल्यावर कळलं.

मग केलरमध्ये, म्हणजे तळघरात, परक्या सायकली दिसायला लागल्या. आज असायच्या, उद्या गायब. तिने विचारलं तेव्हा टोबी शांतपणे म्हणाला, "पोलीस आले तर हे घर जाईल. मग मुलीला घेऊन कुठे जाशील?"

सुरुचीने पोलिसांना कळवलं नाही. दुसरं घर शोधत राहिली.

शाळा सुटली की अन्वी खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ हूबर आजींकडे थांबायची. म्हातारीने तिला विणायला शिकवलं होतं. एका दुपारी जिन्यात कोणीतरी म्हातारीची पर्स हिसकावली. ती गडगडत खाली आली, खुब्याचं हाड मोडलं. अन्वी दारातच उभी होती.

सुरुची धावत आली तोवर अन्वीने पोलिसांना सांगून टाकलं होतं, की आपण काही पाहिलं नाही. वर खोलीत आल्यावर मात्र ती जर्मनमध्ये पुटपुटली, "ममा, दास वार टोबी."

"टोबी होता? मग सांगितलं का नाहीस?"

अन्वीने जर्मनमध्येच विचारलं, "मग आपण राहणार कुठे?"

सुरुची तशीच खाली गेली आणि तिने पोलिसांना सायकलींपासून सगळं सांगितलं.

टोबीला नेलं. घरमालकाने लगेच घर रिकामं करायला लावलं. बेघरांच्या वसतिगृहात एक खोली मिळाली. तिथल्या न्हाणीघरातही टोबीच्या खोलीसारखाच जळका वास यायचा. अन्वी आत असली की सुरुची दाराला पाठ लावून उभी राहायची.

रविवारी दोघी हॉस्पिटलात गेल्या. फ्राऊ हूबरची मुलगी बाहेर आली.

"सायकलींचं तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"उन्हाळ्यापासून."

तिने अन्वीला आत नेलं. सुरुचीला बाहेरच थांबायला सांगितलं. दार अर्धवट उघडं होतं. आता कुठे राहता गं, असं म्हातारीने विचारलेलं तिला ऐकू आलं. अन्वी विणकामाचं सांगू लागली.