खो-खोचा सिनेमा बघून आले आणि जळफळाट झाला

मैत्रिणींनो, ग्रुपवर तुम्ही आठवडाभर लिहिताय, "आपल्या खेळावर सिनेमा आलाय, आपणच नाही बघायचा तर कुणी बघायचा?" म्हणून आज दुपारी झरीहून परभणीला गेले. सोबत नवरा होता.

खरं सांगते, लय जळफळाट झाला.

हिरोईननं खांबाला हात घालून सूर मारला आणि सगळं थिएटर शिट्ट्या मारायला लागलं. तो सूर शिकताना माझी दोन्ही कोपरं सोलून निघाली होती. मी जिल्ह्याकडून खेळले तेव्हा बघायला आमचे सर आणि पुढच्या सामन्यासाठी थांबलेल्या पोरी, एवढेच होते. हिचे तर पडतानाही केस विस्कटत नव्हते.

माझा नवरासुद्धा टाळ्या वाजवत होता. इंटरव्हलला म्हणाला, "तू बी असंच खेळायचीस का गं?"

लग्नाला चौदा वर्षं झाली. माझी सर्टिफिकेटं कपाटात आहेत हे त्याला माहीत आहे. पण खेळाबद्दल आजवर एक शब्द विचारला नव्हता.

मी म्हणाले, "हिच्यापेक्षा चांगली खेळायचे."

तो हसला नाही. "मग सांग की. सूर मारताना भेव वाटायचं न्हाई का?"

येताना मोटरसायकलवर झरी येईपर्यंत मी सांगतच होते.

आता तुम्ही विचाराल, सिनेमा बघावा का? माझ्या तोंडून "बघा" निघत नाहीये. मला चौदा वर्षांत जमलं नाही ते त्या बाईनं तासाभरात केलं, याचाच राग येतोय. तुम्हाला घरी कुणी कधी विचारलंय का, तुम्ही कशा खेळायचात ते?