माझ्याच बाबांची सिस्टर

टोकावड्याकडच्या गावांत मी चौदा वर्षं नर्स आहे. साखर, बीपी, दमा असलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी जायचं, त्यांना तपासायचं, गोळ्या नीट घेतात का बघायचं, जखम असेल तर ड्रेसिंग करायचं, हे माझं काम. लोक माझं ऐकतात. एका आजोबांनी माझ्या शब्दावर तंबाखू सोडली. ऐकत नव्हते ते फक्त माझे बाबा.

बाबा सापगावला भाऊ-वहिनीबरोबर राहतात. साखर जुनी. गेल्या वर्षी उजव्या पायाच्या अंगठ्याखाली जखम झाली आणि ती भरेचना. मी दर रविवारी गाड्या बदलत जायचे.

"पाय कसा आहे?"

"बरा हाय."

"गोळ्या?"

"घेतो ना."

मग मी ताटातल्या भाताकडे बघून बोलायला लागले, की ते टीव्हीचा आवाज वाढवायचे.

अशात गावात नवी सिस्टर यायला लागली. मंगळवारी आणि शुक्रवारी, स्कूटीवरून. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. तिचं कौतुक पहिल्यांदा ऐकलं ते वहिनीकडून.

"ताई, बाबांनी भात अर्धा केला. सिस्टर बोलली म्हणून."

मी आठ वर्षं तेच सांगत होते. वहिनीला म्हटलं, चांगलं झालं. पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पुढच्या रविवारी परसातल्या वेलीची पहिली काकडी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली दिसली. मी हात लावला तर बाबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे, सिस्टरला ठेवलीय. तुला काय, मुरबाडच्या बाजारात मिळंल."

तिला एकदा बघावंच, म्हणून एका शुक्रवारी मी रजा घेऊन गेले. ओटीवर चढता चढता बाबांचा आवाज आला. ते तिला सांगत होते, "चप्पल पायातनं निसटते तरी मला कळत नाय गो. वळून बघतो तं चप्पल तिकडं नि मी इकडं."

दोघं हसले.

पाय बधिर झालाय ही गोष्ट बाबांनी मला कधीच सांगितली नव्हती. नर्स असलेल्या पोरीला नाही सांगितली, आणि हिला हसत हसत सांगत होते. ती जमिनीवर बसली होती, बाबांचा पाय तिच्या मांडीवर होता. माझ्या अंगाची आग झाली.

"पट्टी सैल बांधलीय तुम्ही," मी दारातूनच म्हटलं.

तिने वर बघितलं. "हो का ताई? परत बांधते."

"नको. यापुढे माझ्या वडिलांचं मी बघेन. तुम्ही यायची गरज नाही."

बाबा खाली बघत राहिले. तिने सामान डब्यात भरलं, "बरं ताई," म्हणाली आणि गेली. पट्टी व्यवस्थित होती. मला ते तेव्हाही दिसत होतं.

पुढचे दोन आठवडे मी रविवारी ड्रेसिंग केलं, मधल्या दिवसांत वहिनीने. बाबा म्हणत होते, बरा हाय. तिसऱ्या रविवारी मी घरात पाऊल टाकलं आणि मला वास आला. चौदा वर्षं ओळखीचा, सडत्या जखमेचा वास. पट्टी सोडली तर अंगठ्याशेजारचं बोट काळं पडलेलं, लाली घोट्यापर्यंत चढलेली. बुधवारी बांधावर पायात काहीतरी घुसलं होतं. फरशीवर रक्त दिसलं तेव्हा त्यांना कळलं. वहिनीलाही न सांगता त्यांनी वरून फडकं गुंडाळलं होतं, पट्टी बदलायला आली तर तिला म्हणाले, आज नको.

"मला फोन का नाही केला?" मी जवळजवळ ओरडलेच.

"हे बघ, अशी वरडतेस," ते हळूच म्हणाले. "तुला सांगायचं म्हंजी मला भ्याव वाटतं गो."

त्याच दुपारी रिक्षा करून त्यांना दवाखान्यात नेलं. अंगठा वाचला, शेजारचं बोट काढावं लागलं. बाबांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

घरी आणल्यावर मी सिस्टरला फोन केला. काय बोलायचं ते दोनदा ठरवलं होतं. प्रत्यक्षात एवढंच म्हटलं, "चूक माझी झाली. मंगळवारी याल का?"

"येते ना ताई," ती म्हणाली.

ती आली तेव्हा मी मुद्दाम थांबले होते. तिने जखम बघितली, मला एकही प्रश्न विचारला नाही, फक्त म्हणाली, "तुम्ही पाय धरा, मी साफ करते." मी धरला. बाबा तिच्याशीच बोलत होते. पोट साफ होत नाही, डोळ्यांपुढे अंधारी येते, एका गोळीने मळमळतं म्हणून ती पत्र्यावर फेकतात. एकेक ऐकताना माझ्या ओठांवर ओरडा येत होता. मी गप्प बसले. इतका वेळ गप्प बसायला मला कधीच जमलं नव्हतं.

आता जखम भरलीय. ती अजून येते आणि ती येऊन गेली, की बाबांचा चेहरा उजळलेला असतो, असं वहिनी सांगते. ते ऐकलं की मला अजूनही टोचतं. रविवारी मी त्यांची नखं कापते. गेल्या खेपेला ते आपणहून म्हणाले, "डावा पाय पण जरा बघ गो, जड वाटतो." मी मान खाली घालून बघितला. बोलले काही नाही.