दादांचे माउस

जगातला प्रत्येक माउस आपल्यालाच छळायला कारखान्यातून बाहेर पडतो, अशी माझ्या थोरल्या मामेभावाची, म्हणजे दादांची, पक्की खात्री होती. वडनेर भोलजीला त्यांचं लग्नपत्रिका कॉम्प्युटरवर मांडून छापून देण्याचं दुकान. ते दिवस पोटात रबरी गोळी असलेल्या माउसचे. कापसाच्या हंगामात तंतू आत शिरत आणि पडद्यावरचा बाण अडून बसे. मग दादा गोळी साबणानं धुवून उन्हात वाळवत, आतली चाकं वहिनींच्या केसांतल्या पिनेनं खरवडत. माउसखाली रेक्झिन घातलं, पाटी घातली, एकदा तर घरचा पोळपाट नेला. त्या दिवशी आम्ही पाहुण्यांनी मुकाट्यानं भाकरी खाल्ली. खामगावहून आणलेला नवा माउसही महिन्याभरात तिरपा चालू लागे. "हा उंदीर नाही बे, माह्या मागच्या जन्माचा वैरी हाय," म्हणत दादा तो टेबलावर आपटत.

एकदा बाण निसटला आणि एका पत्रिकेतला 'कै.' स्वर्गवासी काकांना सोडून शेजारच्या धडधाकट आजोबांच्या नावाला चिकटला. पत्रिका वाटल्यावर आजोबा काठी टेकत दुकानात आले. "मी कवा मेलो रे? मले तरी सांगाचं होतं!" दादांनी हात जोडले, सगळ्या पत्रिका पुन्हा छापून दिल्या आणि दोन दिवस जेवले नाहीत.

शेवटी त्यांनी अकोल्याहून ट्रॅकबॉल मागवला. यंत्र जागेवर बसतं, वरचा गोळा तेवढा बोटांनी फिरवायचा. तो आला तेव्हा मी तिथंच होतो. दादांनी गोळ्यावर बोटं ठेवली आणि बाण थरथरू लागला.

"हाही तसाच निंघाला," म्हणून ते मागे टेकले.

मी सहज गोळा फिरवला. बाण सरळ गेला. जुना माउस जोडून पाहिला, त्यानंही बाण सरळ गेला. दादा आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले. मांडीवर ठेवला तरी तो हलत होता.

"हाव बे," ते हळूच म्हणाले, "मीच हाय तो वैरी."

बुलढाण्याच्या डॉक्टरांनी औषध दिलं. कंप कमी झाला, गेला नाही. आता दुकान बंद होणार, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. पुढच्या लग्नसराईत गेलो तर माउसवर वहिनींचा हात, शेजारी स्टुलावर दादा. बाण भलतीकडेच गेला. वहिनी ओशाळल्या.

"मले नाही जमत जी."

"जमते वो. घाई काऊन करून राह्यली? आपल्याले कुठं जाचं हाय?"

वहिनींनी चष्मा पुसला, आणि दोघं पुन्हा नवरीच्या नावाकडे वळले.