ऋषीच्या भाजीचं रान

गोजरबाईचं तोंड म्हणजे तोफखाना. मंठ्याकडच्या त्या गावात तिच्या वाटेला जायची कुणाची छाती नव्हती. पण ऋषिपंचमी आली की झाडून साऱ्या बाया तिच्याच दारात! त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं. नांगरलेल्या शेतातलं नको, मोटेच्या पाण्यावरचं नको. रानात आपोआप उगवलेलंच हवं. टेकडीवर धावड्या-टेंभुर्णीच्या सावलीत करटुली कुठं, मुसळी कुठं, शतावरी कुठं, हे या विधवेला तोंडपाठ होतं. गावात तेवढाच काय तो तिचा मान.

रझाकारी सरली आणि टेकडीचे मालक काकासाहेब यांना कोळशाची हाव सुटली. भट्ट्या पेटल्या. झाडं गेली, मागून गुरं घुसली. पुढच्या पावसात टेकडी हिरवीगार झाली, तर हे मिशीला पीळ देत सांगत सुटले, "बघा, पहिल्यापेक्षा दाट रान!" डोंबलाचं रान! नुसता तरोटा, म्हणजे टाकळ्याचं तण, माजला होता, कमरेएवढा.

त्यात चौपन्न साली काकासाहेबांच्या बायकोचं, दुर्गाबाईचं, ऋषिपंचमीचं उद्यापन आलं. आदल्या दिवशी गोजरबाईनं सारी टेकडी पालथी घातली आणि सणाच्या सकाळी टोपलीभर तरोटाच तेवढा त्यांच्या ओसरीवर ओतला.

काकासाहेब भडकले. "मुद्दाम करून राह्यली ही! चांगल्या भाज्या लपवल्या. सांगतो साऱ्या गावाला!"

चोराच्या उलट्या बोंबा! गोजरबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. खोटारडी ठरली तर एक बाई तिच्या हातची भाजी घेणार नव्हती. तिनं दुर्गाबाईचं मनगट धरलं. "चला वैनी. सोताच्या डोळ्यानं बघा."

उपाशीपोटी दुर्गाबाई टेकडी चढली. जळक्या खोडांभोवती तरोटा बाजूला सारून सारून तिचे हात हिरवे झाले. मुसळीचं एक पान दिसेना.

"याच्याखालचं समदं कुठं गेलं गं?"

"सावलीसंगं गेलं. उन्हाला ह्यो मेलाच पुरून उरतो."

घरी पूजा मांडलेली होती. सात ऋषींच्या सात सुपाऱ्या पाटावर होत्या, नवरा सोवळं नेसून बसला होता. दुर्गाबाईनं तरोटा शिजवला आणि नवऱ्यापुढं ठेवला. "ऋषींना दाखवायच्या आधी तुमीच चाखा. तुमच्या रानातलं हाय."

भादव्यातला निबर तरोटा तो! काकासाहेबांनी घास थुंकला. "कडूजहर! मळ्यातली भेंडी आणा जल्दी."

"मोटेवरची? सात वर्सं पाळलं मी, अन् उद्यापनाला बैलाचं खाऊ?"

काकासाहेब वरमले. "पुढच्या साली झाडं लावतो. बिलकुल लावतो."

"लावा की!" ओसरीवरून गोजरबाई कडाडली. "मंग झाडाखालचं कोण लावणार? तुमचा बाप?"

एरवी या शब्दाला तिथं मुडदा पडला असता. काकासाहेबांनी बायकोकडं पाहिलं. "झाडाखालचं आपोआप उगवल, तवाच उद्यापन," म्हणत दुर्गाबाईनं सातही सुपाऱ्या उचलून पदराला बांधल्या आणि पूजा तशीच टाकून उठली.