गेरूनं न जाणारी नागीण

बबिताले जांघेत पाण्याचे फोड आले, तवा सासू हंसाबाई म्हणे, "नागीण हाये." लगेच तांड्यातल्या एका म्हातारीकडून गेरू लावून आणला. नागिणीचं तोंड शेपटीले लागू नये म्हणून भवताल गेरूचा गोल. लघवीले बसली का बबिता पदराचा बोळा तोंडात धरे.

फोड सुकले. महिन्यानं पुन्हा आले, तशी सासूची जबान बदलली. "नागीण अशा जागी येते काय? कोणाजवळून घेऊन आली? सोमवारी तुले माहेरी धाडतो."

नवरा पूनमसिंग राजूरच्या कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर. तो बाजूलेच भाकर खात होता. खातच राह्यला.

दुसऱ्या दिवशी बबितानं त्यालेच गाडी चालवाले लावली, वणीच्या डॉक्टरीणबाईकडे. बाई म्हणे, "ही हर्पिस आहे, संबंधातून लागते. गेरूवाली नागीण वेगळी. ही नसेत लपते, जन्मभर राहते. महिन्यातच परत आलीय, तर बबिताला रोज गोळी देते."

पूनमसिंगची मान खाली. "मले लग्नाअगोदर असेच फोड आलते. पाच दिवस गोळ्या खाल्ल्या, सुकले. सुकलं म्हणजे गेलं नं, मॅडम?"

"नाही. फोड नसला तरी कातडीवरून विषाणू सुटत राहतो, दिसत नाही. रोज गोळी चालू ठेवली असती तर पुष्कळ कमी सुटला असता. पूर्ण बंद नाही, पण कमी."

बाहेर येताच बबितानं त्याची कॉलर धरली.

"न दिसता सुटते, हे मले काय मालूम?" तो म्हणे.

"ते नव्हतं मालूम, ते सोडलं. पण तुही माय मले छिनाल ठरवून राह्यली होती, तवा तुले तुहे फोड आठवले नाही? भाकर बरी गेली रे घशाखाली."

"याडीले कसं सांगू? लाज वाटते." याडी म्हणजे माय.

"तुह्या लाजेपायी मी घर सोडू?"

घरी आले तं हंसाबाईनं बबिताच्या लुगड्यांचं गाठोडं दारात ठेवलं होतं. शेजारच्या बाया जमल्या होत्या. बबितानं नवऱ्याले पुढं ढकललं. "बोल."

"याडी, हे मह्यापासून तिले झालं. मले अगोदरपासून हाये."

"हळू बोल, बाया ऐकून राह्यल्या," हंसाबाई म्हणे.

"मले शिव्या देल्या तवा हळू देल्या काय?" बबितानं गाठोडं उचललं, घरात नेऊन सोडलं. मग गोळी काढून उंबऱ्यावरच बसली.

"पाणी आण," ती नवऱ्याले म्हणे.

पूनमसिंगनं मायकडे पाह्यलं. मग गेला रांजणाकडे.