राजाच्या कोटावरची पदकं

गिरगावचा माणूस काशीला जाऊन येतो, नागपूरला मावशीकडे महिनाभर राहून येतो; पण लालबाग-परळला जायचं म्हटलं की त्याला वळकटी बांधावीशी वाटते. मीही त्यातलाच. त्यामुळे हवालदार सावळाराम जाधव शनिवारी सकाळी दारात येऊन म्हणाले, "बापूसाहेब, चला दादरला. वाटेत लालबाग आणि परळ," तेव्हा मी आधी डब्यात लाडू भरून घेतले. मग उंबरठ्यावर थांबून, पल्लेदार आवाजात घराचा निरोप घेतला.

"संध्याकाळी लवकर या," आतून पत्नी म्हणाली. "अळूची भाजी आहे."

हवालदार आमच्या विमा कंपनीच्या दारावर पहारेकरी. लढाईत बर्मापर्यंत जाऊन आलेले, आणि मिशा अशा की साहेबसुद्धा आत जाताना त्यांना आपलं नाव सांगायचे. त्यांची मुलगी सुशीला शाळेत शिकवायची. तिनं आणि नायगावच्या एका मुलानं एकमेकांना केव्हाच पसंत केलं होतं. अडचण मुलाच्या बापाची होती. हे जमादार आफ्रिकेच्या वाळवंटात लढून आलेले. बौद्ध धर्माची दीक्षा घेतल्यापासून दोन्ही घरांनी पत्रिका पाहणं सोडलेलं. पण काहीतरी पाहिल्याशिवाय सोयरीक करायची कशी? जमादार म्हणाले, "आपण फौजेचं पुस्तक बघतो. येत्या रविवारी चहाला येतो."

आणि इथेच घोडं अडलं. हवालदारांची पदकं त्यांना फौज सुटल्यावर टपालानं आली होती, त्यामुळे सेवापुस्तकातलं पदकांचं पान कोरं. इकडे त्यांनी भावी व्याह्यांना दोन पदकांचं रसभरित वर्णन करून ठेवलेलं. दादरच्या माजी सैनिकांच्या कचेरीत नोंद करून मिळणार होती. अट एवढीच की पदकं दाखवा आणि पलटणीतला साक्षीदार आणा.

"साक्षीदार कुठे आहे?" मी विचारलं.

"खोताच्या वाडीत."

"आणि पदकं?"

हवालदारांनी मिशीला पीळ दिला. "ती जरा... कामगिरीवर आहेत."

खोताच्या वाडीत आंतोनकाका लाकडी जिन्यावर बसून दाढी करत होते. लढाईत ते हवालदारांच्या पलटणीची मोटार चालवायचे. आम्ही कामाचं बोलायच्या आत त्यांच्या बायकोनं फुगे (आंबवलेल्या पिठाचे तळलेले, टम्म फुगलेले गोळे) आणि रस्सा पुढ्यात ठेवला. माझे लाडू लाजून डब्यातच राहिले.

"साक्ष देतो रे," काका अर्ध्या फेसातून म्हणाले. "पन खेचराची गोष्ट सांगू देशील तर."

"खेचराचा इथे काय संबंध?" हवालदार म्हणाले.

"ते पन बर्मात व्हतं."

तिघं ट्रामनं निघालो. वाटेत हवालदारांनी पदकांचा ठावठिकाणा सांगितला. गिरणगावात नाटक उभं राहिलं की राजाचा पोशाख ड्रेपरीवाल्याकडून (नाटकाचे कपडे भाड्यानं देणारा) यायचा आणि खरी चकाकती वस्तू चाळीतून गोळा व्हायची. कुणी चांदीची अत्तरदाणी द्यायचं, कुणी तलवार. हवालदारांनी एका प्रयोगापुरती पदकं दिली होती, ती राजाच्या कोटावरच राहिली. त्या गोष्टीनंतर सुशीलेचं सगळं कॉलेज होऊन गेलं होतं.

लालबागला ट्राम थांबली ती थांबलीच. पुढे मोर्चा. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" रस्त्यात मुंगी शिरायला जागा नव्हती. ड्रेपरीवाला आपल्या दुकानाच्या फळीवर उभा राहून घोषणा देत होता. दोन घोषणांच्या मधे त्यानं आम्हाला सांगितलं, "राजाचा कोट परळला गेलाय! रंगीत तालीम आहे! झालाच पाहिजे!"

मोर्चाही परळकडेच निघाला होता. आम्ही त्यात शिरलो. माझा आवाज नाटकात कमावलेला, तेव्हा थोड्याच वेळात मी घोषणा देतोय आणि शेकडो माणसं पाठीमागून ओढतायत, असा देखावा झाला. एवढा मोठा प्रेक्षकवर्ग मला आयुष्यात मिळाला नव्हता. हवालदारांची वेगळीच तऱ्हा. त्यांना साधं चालताच येईना, डावा-उजवा, डावा-उजवा. हळूहळू आजूबाजूचे गिरणीकामगार त्यांच्या पावलात पाऊल टाकू लागले आणि शेवटी कडेनं चालणारा बंदोबस्ताचा शिपाईही ठेक्यात आला.

परळच्या चाळीमागच्या मंडपात राजा भेटला. बाबल परब, एका गिरणीतला साचेवाला (माग चालवणारा). अंगात जांभळा मखमली कोट आणि छातीवर बेगडी ताऱ्यांची ही गर्दी.

"बाबल, माझी पदकं दे," हवालदार म्हणाले.

राजानं दोन्ही हात छातीवर धरले. "नाय हां, हवालदार! ह्या पदकांवर माका दरवेळी वन्स मोअर मिळता. आज संध्याकाळी प्रयोग आसा. काढलास तर माजां गाणां पडतलां!"

"अरे, माझ्या पोरीचं लग्न पडेल त्याचं काय?"

राजा विरघळला. पण ड्रेपरीवाल्यानं ती बुटाच्या दोऱ्यानं शिवून टाकलेली. काढायची तर कोट फाटला असता. शेवटी राजाच आमच्याबरोबर निघाला. बसमधे कंडक्टर म्हणाला, "महाराज, सिंहासन नाही, दांडा धरा!"

दादरच्या कचेरीत शनिवारची आवराआवर चालली होती. बाकावर एक गृहस्थ वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसलेले. चष्मेवाल्या कारकुनानं आमचा लवाजमा पाहिला आणि टाक खाली ठेवला.

"यातले माजी सैनिक कोण?"

"मी."

"आणि पदकं यांच्या अंगावर का?"

घाईघाईनं कोट राजाच्या अंगावरून हवालदारांच्या अंगावर चढला. राजा गंजीफ्रॉक आणि मुकुट एवढ्यावरच उभा राहिला. मग साक्ष. आंतोनकाकांनी खेचरापासून सुरुवात केली. त्याचा रंग, स्वभाव, खाणं. कारकून घड्याळाकडे पाहू लागला.

"काका, पदक कशाबद्दल मिळालं, तेवढं सांगा," मी म्हणालो.

"गोली चालू व्हती," काका म्हणाले. "यानं दोन जखमी पाठीवर घेऊन नदीपार आनले." ते थांबले. "त्यातला एक मी."

मला हे माहीतच नव्हतं. हवालदारांनी ते कधी सांगितलं नव्हतं. खेचराची गोष्ट मात्र मी त्यांच्याकडून अनेकदा ऐकली होती.

कारकुनानं चष्मा पुसला. कोटावरची जड पदकं शोधली. सगळ्यांना सारखाच सोनेरी रंग फासलेला, म्हणून नखानं खरवडून वाचू लागला. "हे शौर्याचं. बरोबर. हा बर्माचा तारा. बरोबर. आणि हा..." त्याचा आवाज बदलला. "हा आफ्रिकेचा. हवालदार, तुम्ही आफ्रिकेत कधी होतात?"

"मी? नाही हो!"

"म्हणजे ही पदकं दुसऱ्या कुणाची तरी आहेत!"

हवालदारांचा चेहरा मिशीसकट उतरला. आंतोनकाका तत्परतेनं म्हणाले, "आफ्रिकेची पन साक्ष देऊ?" आम्ही त्यांना खाली बसवलं.

बाकावरचं वर्तमानपत्र हळूच खाली आलं. त्यामागून खाकरणं ऐकू आलं.

"तो... तो माझा आहे."

हवालदार ताठ झाले. "जमादारसाहेब! तुम्ही?"

तेच ते, नायगावचे भावी व्याही! त्यांनीही कुठल्याशा नाटकाला आपला तारा दिला होता, आणि त्यांच्याही पुस्तकाचं पान कोरं होतं. साक्षीदार केव्हाच आणून झाला होता; वस्तूच नव्हती. उद्या दुसऱ्याचं पुस्तक बघायचं, तर आधी आपलं भरून घ्यावं, म्हणून बिचारे सकाळपासून येऊन कारकुनाची विनवणी करत बसले होते.

दोन फौजी समोरासमोर उभे. एक मखमलीत, एक वर्तमानपत्रासह. आधी जमादारांची मिशी थरथरली, मग हवालदारांची, आणि दोघं इतके हसले की शेजारच्या खात्यातली माणसं दारात जमली. कारकुनानं दोन्ही पुस्तकांत नोंदी केल्या, शिक्के मारले आणि दोरा कापायला कात्री पुढे केली.

मुकुटातल्या राजानं डोळे मिटून घेतले.

जमादारांनी कात्री बाजूला सारली. "जाधव, पुस्तकात आली ना? मग राहू देत त्याच्या छातीवर."

संध्याकाळी आम्ही सगळे पहिल्या रांगेत. राजानं गाताना छातीवर हात मारला की दोन्ही व्याही बसल्या जागी ताठ व्हायचे. वन्स मोअर आला. त्यातले निम्मे आवाज त्या दोघांचे.

घरी पोचलो तेव्हा अळू निवलं होतं आणि लाडवांचा डबा तसाच भरलेला होता. इतकी वर्षं मी लालबाग-परळ हा गिरगाव आणि दादर यांच्या मधला रस्ता समजत होतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा लालबागला गेलो, हवालदारांच्या घरी चहाला. या वेळी डबा न घेता.

हवालदारांनी सेवापुस्तक जमादारांपुढे ठेवलं. सुशीला चहा घेऊन आली. जमादारांनी तिची चौकशी केली, मुलाच्या आवडीनिवडी सांगितल्या, आणि पुस्तक न उघडताच त्यावर आपली बशी ठेवली.

"व्याही," हवालदार घाबऱ्या घाबऱ्या म्हणाले, "तेवढी बशी उचला. कालच दुरुस्त करून आणलंय!"